जुन्या प्लेनरचे मिलिंग यंत्रात रूपांतर : यंत्रसाधनांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तावना

यंत्रांचा इतिहास हा बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या वर्षी कोणी कोणते यंत्र प्रथम तयार केले, त्याचे पेटंट कोणाच्या नावे झाले आणि पुढे कोणत्या नव्या यंत्राने त्याची जागा घेतली, या क्रमाने पाठ्यपुस्तकांतील प्रकरणे पुढे सरकतात. या मांडणीत नवे यंत्र आले की जुने नाहीसे होते. प्रत्यक्ष कारखान्यात मात्र जुने यंत्र इतक्या सहजासहजी नाहीसे होत नाही. त्याचा काही भाग काढला जातो, काही राखला जातो, राखलेल्या भागावर नवा भाग चढवला जातो आणि तेच यंत्र वेगळ्या नावाने पुन्हा कामाला लागते. धातू रंधण्याच्या यंत्राचे, म्हणजेच कारखान्यातील बोलीत 'प्लेनर'चे, मिलिंग यंत्रात झालेले रूपांतर हे या प्रक्रियेचे बोलके उदाहरण होय.

अभियांत्रिकी शाखेबाहेरील वाचकांसाठी या दोन यंत्रांतील भेद आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. सुताराच्या रंध्यात लाकूड स्थिर असते व पाते पुढे सरकते. धातूच्या प्लेनरमध्ये याच्या उलट व्यवस्था असते. ज्यावर काम करायचे तो नग, म्हणजे 'जॉब', एका लांब व जड टेबलावर घट्ट बांधलेला असतो. हे टेबल बेडवरील मार्गांवरून मागे-पुढे धावते आणि वर आडव्या तुळईवर बसवलेले एकधारी हत्यार स्थिर राहून धातूची पट्टी सोलून काढते. मिलिंगमध्ये अनेक दात असलेले गोल कटर स्वतःभोवती वेगाने फिरते व जॉब त्याखालून संथ गतीने सरकतो. दोन्ही यंत्रे सपाट पृष्ठभाग तयार करतात. परंतु वेग कोणी घ्यायचा, टेबलाने की हत्याराने, या प्रश्नाचे उत्तर दोन्हींत वेगळे आहे. प्रस्तुत लेखाचे सर्व विवेचन या एका भेदाभोवती फिरते.

उद्दिष्टे

१) प्लेनर व मिलिंग या दोन यंत्रप्रकारांच्या विकासाचा संक्षिप्त आढावा घेणे.
२) प्लेनरचे रूपांतर करण्यामागील तांत्रिक व आर्थिक कारणे तपासणे.
३) अशा रूपांतरांचे यंत्रसाधनांच्या इतिहासलेखनातील स्थान निश्चित करणे.

गृहीतक

यंत्राचे सर्व भाग एकाच वेळी कालबाह्य होत नाहीत. यंत्रातील भौमितिक अचूकता दीर्घायुषी असते, तर हत्यार व चालना अल्पायुषी असतात. प्लेनरचे रूपांतर हा या दोन आयुर्मानांतील तफावतीला दिलेला विचारपूर्वक प्रतिसाद आहे.

सपाटपणाचे मोल

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी धातूचा खरोखर सपाट पृष्ठभाग तयार करणे हे अतिशय खर्चिक काम होते. छिन्नीने उंचवटे तोडायचे, कानशीने घासायचे आणि पुन्हापुन्हा तपासायचे, हीच रीत होती. वाफेच्या इंजिनाची सरकती झडप असो वा लेथचा बेड, सर्वांना सपाट पृष्ठभागाची गरज होती. या गरजेतून इंग्लंडमध्ये प्लेनरचा जन्म झाला. त्याच्या जनकत्वाचा मान कोणा एकाला देता येत नाही. लीड्सचे मॅथ्यू मरे, डर्बीचे जेम्स फॉक्स, मँचेस्टरचे रिचर्ड रॉबर्ट्स आणि लंडनचे जोसेफ क्लेमेंट यांची नावे या संदर्भात घेतली जातात. रॉबर्ट्स यांचे १८१७ मधील यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. त्याच्या बेडवर छिन्नी-कानशीच्या हातकामाच्या खुणा आढळतात. पहिला प्लेनर करण्यासाठी दुसरा प्लेनर उपलब्ध नव्हता, याचा तो मूक पुरावा आहे.

क्लेमेंट यांचा १८२५ च्या सुमाराचा मोठा प्लेनर सहा फूट चौरस आकाराचे काम घेऊ शकत असे. चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्राचे सुटे भाग तयार करणाऱ्या या कारागिराला हे एकच यंत्र दीर्घकाळ भरघोस उत्पन्न देत राहिले. कारण तेवढ्या आकाराचे काम अन्यत्र होत नव्हते, असे सॅम्युएल स्माइल्स यांच्या १८६३ च्या 'इंडस्ट्रियल बायोग्राफी' या ग्रंथावरून दिसते.

सपाटपणाला शास्त्रीय अधिष्ठान दिले ते जोसेफ व्हिटवर्थ यांनी. १८४० साली ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनसमोर त्यांनी अचूक सपाट पृष्ठभागांविषयी निबंध वाचला. या पद्धतीत दोनऐवजी तीन पट्टे एकमेकांशी आळीपाळीने ताडून पाहिले जातात. दोनच पट्टे असतील तर एक किंचित फुगीर व दुसरा तेवढाच खोलगट असूनही ते एकमेकांशी जुळतात. तीनही पट्टे परस्परांशी जुळले, तर मात्र ते सपाटच असले पाहिजेत. उंचवट्यांवर रंग उमटवून तेवढाच भाग हाताच्या स्क्रेपरने खरवडण्याची कला याच परंपरेतून जगभरच्या कारखान्यांत पोहोचली. पुढे १८५६ मध्ये यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणून बोलताना व्हिटवर्थ यांनी असे नमूद केले की, तीस वर्षांपूर्वी बिडाचा एक चौरस फूट पृष्ठभाग हाताने सपाट करण्यास बारा शिलिंग मजुरी पडे, ती प्लेनरमुळे एक पेनीच्याही खाली आली. बारा शिलिंग म्हणजे १४४ पेन्स. म्हणजेच मजुरीचा खर्च सुमारे दीडशेपटीने घटला.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. प्लेनर स्वतःच्या बेडचीच प्रतिमा जॉबवर उमटवतो. बेड सरळ असेल तर जॉब सरळ उतरतो आणि बेड झिजलेला असेल तर ती झीजही जॉबवर उतरते. म्हणून प्लेनरचा बेड म्हणजे बिडात साठवून ठेवलेला सपाटपणा, कारखान्याची एक प्रकारची स्थावर पुंजी होय.

मिलिंगचा स्वतंत्र प्रवाह

मिलिंगचा उगम वेगळ्या गरजेतून व वेगळ्या देशात झाला. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रांतातील बंदुकांच्या कारखान्यांत लहान, एकसारखे व परस्परांच्या जागी बसणारे भाग मोठ्या संख्येने हवे होते. या यंत्राचे श्रेय पूर्वी एकट्या एली व्हिटनी यांना दिले जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट वुडबरी आदी अभ्यासकांनी ही समजूत तपासून पाहिली. आता सिमियन नॉर्थ व जॉन हॉल यांसारख्या समकालीन शस्त्रनिर्मात्यांचा वाटाही मान्य केला जातो. १८६० च्या दशकाच्या आरंभी ब्राउन अँड शार्प कंपनीचे जोसेफ ब्राउन यांनी तयार केलेल्या 'युनिव्हर्सल' मिलिंग यंत्राने या प्रकाराला निश्चित रूप दिले.

अर्थतज्ज्ञ नेथन रोझेनबर्ग यांनी १९६३ च्या आपल्या निबंधात यंत्रसाधन उद्योगातील तांत्रिक अभिसरणाची संकल्पना मांडली. बंदूक, शिवणयंत्र, सायकल हे उद्योग भिन्न असले, तरी धातू कापण्याचे त्यांचे प्रश्न समान होते. त्यामुळे एका उद्योगात सापडलेले उत्तर दुसऱ्यात सहज पोहोचले. या संकल्पनेचा विस्तार करून असे म्हणता येईल की, मोठ्या कामाचा प्लेनर आणि लहान कामाचे मिलिंग यंत्र यांचेही पुढे अभिसरण झाले. अमेरिकेतील रॉकफर्ड येथील इंगरसोल कंपनीने १८९० च्या दशकात प्लेनरच्याच धाटणीची, लांब टेबलाची मिलिंग यंत्रे घडवली. भारतीय कारखान्यांत ज्याला 'प्लॅनोमिलर' म्हणतात, त्याचे हे पूर्वरूप होय. नव्या यंत्राचे एकूण स्वरूप प्लेनरचेच असल्यामुळे, हाताशी असलेल्या प्लेनरलाच ते रूप द्यावे हा विचार स्वाभाविक होता.

हत्याराच्या धातूने घडवलेला बदल

प्लेनर मागे पडण्याचे मूळ कारण त्याच्या बेडमध्ये नाही, तर हत्याराच्या धातूत आहे. फ्रेडरिक टेलर व मॉन्सेल व्हाइट यांनी विकसित केलेले हायस्पीड पोलाद १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात जगासमोर आले. लालबुंद होईपर्यंत तापले तरी त्याची धार टिकत असे. त्यानंतर जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात टंगस्टन कार्बाइडचे 'विडिया' हे हत्यार बाजारात आणले. हिऱ्यासारखे, अशा अर्थाच्या जर्मन शब्दांवरून हे नाव घेतले आहे. कार्बाइडच्या हत्याराला बीड कापताना मिनिटाला ८० मीटर वा त्याहून अधिक वेग सहज मानवतो.

येथे प्लेनरची अडचण सुरू होते. प्लेनरमध्ये कापण्याचा वेग म्हणजे टेबलाचाच वेग. काही टन वजनाचे टेबल व त्यावरील जॉब एका दिशेने धाववायचे, थांबवायचे, उलट फिरवायचे आणि पुन्हा धाववायचे. वेग वाढला की जडत्वामुळे प्रत्येक वळणावर चालनेवर पडणारा ताणही झपाट्याने वाढतो. शिवाय परतीच्या फेरीत हत्यार काहीच कापत नाही. व्हिटवर्थ यांनी १८३० च्या दशकातच दोन्ही फेऱ्यांत कापणारे फिरते हत्यारधारक योजले होते, यावरून हा अपव्यय आरंभापासून जाणवत होता हे दिसते. भरीला प्रत्येक फेरीच्या प्रारंभी हत्यार जॉबवर आदळते. कठीण परंतु ठिसूळ अशा सुरुवातीच्या कार्बाइडला हा आघात सोसत नसे.

मिलिंगमध्ये वेगाची ही जबाबदारी टेबलाकडून काढून कटरकडे दिली जाते. टेबलाकडे उरते ते फक्त सरळ व संथ चालणे. जुन्या प्लेनरला नेमके तेच उत्तम जमते.

रूपांतराची प्रक्रिया

रूपांतराचे काम स्थूलमानाने चार टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात बेडची तपासणी करून आवश्यक तेथे स्क्रेपिंग केले जाते. झिजलेल्या बेडवर नवे हेड बसवणे म्हणजे जुनीच चूक अधिक वेगाने करणे होय. येथे वयाचा लाभही मिळतो. ओतकामानंतर बिडात राहिलेले अंतर्गत ताण कालांतराने निवळतात. म्हणून जुना बेड एकदा नीट केला की पुन्हा वाकण्याची शक्यता नव्या ओतकामापेक्षा कमी असते.

दुसऱ्या टप्प्यात आडव्या तुळईवरील हत्यारधारक उतरवला जातो. परतीच्या फेरीत हत्यार उचलले जावे म्हणून त्यात असलेली बिजागरीची पेटी मिलिंगमध्ये निरुपयोगी ठरते. त्या जागी स्वतंत्र मोटर व बेअरिंग असलेले मिलिंग हेड बसवले जाते. कटरचे दात एकामागून एक आदळत असल्याने सतत कंपने निर्माण होतात. त्यामुळे तुळई खांबांना घट्ट आवळण्याची व्यवस्था सुधारावी लागते.

तिसरा टप्पा सर्वांत अवघड असतो. प्लेनरचे टेबल मिनिटाला १५ मीटर वेगाने धावते असे मानले आणि मिलिंगसाठी मिनिटाला ३०० मिलिमीटर सरक हवी असेल, तर चालना पन्नासपटीने संथ करावी लागते. त्यासाठी वर्म गिअरची पेटी जोडली जाते किंवा टेबलाखालची दंतपट्टी काढून स्क्रू बसवला जातो. मोटरचा वेग बदलणारी विद्युत साधने सुलभ झाल्यानंतर हे काम पुष्कळच सोपे झाले. तथापि, दंतपट्टी व दंतचक्र यांमधील ढिलाई, जिला कारागीर 'प्ले' म्हणतात, दुर्लक्षून चालत नाही. कटर जर टेबलाला सरकेच्याच दिशेने ओढू लागले, तर ढिलाईएवढा झटका बसून दात तुटतात. म्हणून अशा यंत्रावर कटरची फिरण्याची दिशा सरकेच्या विरुद्ध ठेवली जाते.

चौथ्या टप्प्यात टेबल धरून ठेवण्याची सोय केली जाते. अनेक प्लेनरांचे टेबल व्ही-आकाराच्या मार्गांवर केवळ स्वतःच्या वजनाने बसलेले असते. मिलिंगमध्ये वर उचलणारे बलही निर्माण होऊ शकते, म्हणून कडेने पट्ट्या लावाव्या लागतात. अतिसंथ गतीत टेबल अडखळत सरकू नये यासाठी वंगणाची व्यवस्थाही बदलावी लागते.

लाभाचा हिशोब

उदाहरणादाखल २ मीटर लांब व ३०० मिलिमीटर रुंद बिडाचा पृष्ठभाग घेऊ. प्लेनरची फेरी दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागेसह २.३ मीटर, कापण्याचा वेग मिनिटाला १५ मीटर, परतीचा ३० मीटर आणि प्रत्येक फेरीला हत्याराची सरक १ मिलिमीटर मानल्यास एका फेरीस सुमारे ०.२३ मिनिट लागते. अशा ३०० फेऱ्यांना ६९ मिनिटे होतात. २०० मिलिमीटर व्यासाच्या कटरने हेच काम दोन पट्ट्यांत, मिनिटाला ३०० मिलिमीटर सरकेने, सुमारे १५ मिनिटांत होते.

परंतु पृष्ठभाग केवळ ४० मिलिमीटर रुंद असेल, तर चित्र बदलते. प्लेनरला सुमारे ९ मिनिटे लागतात, तर मिलिंगला त्याच सरकेने सुमारे ७. मिलिंगच्या कटरची किंमत व त्याला धार लावण्याचा खर्च विचारात घेतल्यास हा फायदा जवळजवळ उरत नाही. लेथच्या बेडवरील मार्गांसारखी लांब व अरुंद कामे प्लेनरवर दीर्घकाळ का होत राहिली, याचे उत्तर या साध्या गणितात आहे. म्हणजेच रूपांतर हा सार्वत्रिक उपाय नव्हे. कारखान्याकडे कोणत्या आकाराचे काम येते, यावर तो निर्णय अवलंबून असतो.

भारतीय संदर्भ

भारतात यंत्रसाधनांची निर्मिती उशिरा व मर्यादित प्रमाणात सुरू झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. लेथनिर्मितीसाठी हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी १९४१ मध्ये स्थापन झाली. सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना १९५३ मध्ये बंगळूर येथे झाली. असे असले तरी, मोठ्या आकाराची यंत्रे लहान कारखानदाराच्या आवाक्याबाहेरच राहिली. १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणापूर्वी यंत्रांची आयात परवान्यांच्या चौकटीत अडकलेली होती आणि परकीय चलन दुर्मीळ होते. अशा परिस्थितीत हाताशी असलेले यंत्र मोडीत काढणे परवडणारे नव्हते.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या वसाहतींत ओतशाळा, पॅटर्न करणारे सुतार, लेथ चालवणारे आणि फिटर हे सर्व एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असत. रूपांतरासाठी लागणारी सारी कौशल्ये अशा वसाहतीत एकत्र नांदतात. प्लेनरला जोडावयाचे मिलिंग हेड भारतीय बाजारात 'मिलिंग अटॅचमेंट' या नावाने स्वतंत्रपणे विकले जाते, ही बाबही लक्षणीय आहे. ज्या वस्तूला बाजारपेठ आहे, ती एखाद्या कारागिराची तात्पुरती क्लृप्ती असू शकत नाही. ती एक प्रस्थापित उत्पादनपद्धती आहे.

इतिहासलेखनाचा प्रश्न

अशा कामांना सरसकट 'जुगाड' म्हणण्याची प्रथा अलीकडे रूढ झाली आहे. या शब्दात कौतुक असले तरी त्यामागे एक गैरसमजही दडलेला आहे. जुगाडात जे मिळेल त्यावर वेळ निभावून नेली जाते. रूपांतरात मात्र काय ठेवायचे व काय टाकायचे याचा पूर्ण विचार असतो. बेड ठेवणारा व हत्यारधारक टाकणारा मिस्त्री यंत्राच्या भागांचे आयुर्मान ओळखत असतो. डेव्हिड एजर्टन यांनी २००६ च्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात, तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांऐवजी वापराच्या अंगाने लिहिला जावा असा आग्रह धरला. देखभाल व दुरुस्ती यांना त्यांनी त्यात महत्त्वाचे स्थान दिले. प्लेनरचे रूपांतर या भूमिकेला बळकटी देते.

मात्र अभ्यासकापुढे एक विशेष अडचण उभी राहते. रूपांतर स्वतःचाच पुरावा पुसून टाकते. उतरवलेला हत्यारधारक भंगारात जातो, मूळ कंपनीची नामपट्टी रंगाखाली झाकली जाते आणि मालमत्तेच्या नोंदीत यंत्राचे नाव बदलते. पेटंट कार्यालयात त्याची नोंद होत नाही. बेड कसा खरवडला, ढिलाई कशी आवरली, लांब जॉब आवळताना वाकू नये म्हणून कोठे पत्री घातली, हे ज्ञान लिहिले गेलेले नसते. ते मिस्त्रीच्या हातात असते आणि तो निवृत्त झाला की कारखान्यातून निघून जाते. शेवटी यंत्र वजनावर विकले जाते, तेव्हा बिडाबरोबर एका शतकाचा तांत्रिक इतिहासही भट्टीत जातो.

निष्कर्ष

१) प्लेनर कालबाह्य ठरला तो त्याची अचूकता संपल्यामुळे नव्हे, तर नव्या हत्याराने मागितलेला वेग जड टेबलाला देता न आल्यामुळे.
२) रूपांतरात वेगाचे कार्य कटरकडे व सरळपणाचे कार्य जुन्या बेडकडे सोपवले जाते. त्यामुळे दोन वेगळ्या काळांतील तंत्रे एकाच यंत्रात एकत्र काम करतात.
३) अरुंद व लांब कामांसाठी रूपांतराचा लाभ अत्यल्प असतो. यावरून जुने तंत्र टिकून राहणे हे नेहमीच मागासलेपणाचे लक्षण नसते, हे स्पष्ट होते.
४) भांडवलाची टंचाई व कौशल्यांची जवळीक या दोन घटकांमुळे भारतीय लघुउद्योगात अशा रूपांतरांना अनुकूल भूमी मिळाली.

समारोप

वरील विवेचनावरून तंत्रज्ञानाच्या इतिहासाची साधने केवळ ग्रंथालयात व अभिलेखागारात शोधून भागणार नाही, हे लक्षात येते. बहुतेक महाविद्यालयांच्या परिसरात एखादी औद्योगिक वसाहत, साखर कारखाना किंवा जुनी कर्मशाळा असते. इतिहास, अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून तेथील जुन्या यंत्रांची नोंद घेणे सहज शक्य आहे. नामपट्टीवरील मजकूर, मूळ चालनेचा प्रकार, कोणता भाग कोणत्या वर्षी बदलला आणि तो कोणी बदलला, एवढ्या चार बाबी टिपल्या तरी उद्याच्या संशोधकाला मोठा आधार मिळेल. सेवानिवृत्त मिस्त्री व फिटर यांच्या मुलाखती हे यातील सर्वांत नाशवंत साधन असल्याने त्यांना अग्रक्रम दिला पाहिजे. रॉबर्ट्स यांच्या बेडवरील छिन्नीच्या खुणा दोनशे वर्षांनंतरही वाचता येतात, कारण ते यंत्र कोणीतरी जपले. आपल्या परिसरातील यंत्रांवरील खुणा वाचण्यासाठी मात्र ती भंगारात जाण्यापूर्वी तेथे पोहोचावे लागेल.